दोन लिफ्टवाले आणि बारा शिखरं

माणसाला जिना चढावा लागू नये, यावर माझं पोट चालतं. शहरातल्या उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणं हा माझा धंदा आहे आणि मी तो मनापासून करतो, कारण चढण्याचा मला लहानपणापासून तिटकारा आहे. देवानं माणसाला डोकं दिलं, डोक्यानं लिफ्ट काढली, विषय संपला. अशा माणसाच्या नशिबी डोंगरवेडा साडू यावा, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

साडू आधी माझा कामावरचा जोडीदार. माझ्या लग्नात हा जेवायला म्हणून आला आणि हात धुता धुता माझ्या धाकट्या मेहुणीला पसंत करून गेला. तेव्हापासून कामाच्या दिवशी शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्टच्या उभ्या विहिरीत हा आणि सुट्टीच्या दिवशी जेवणाच्या टेबलावरही हाच. वयानं माझ्याहून मोठा, अंगानं काटक, बोलणं मोजकं. मी वयानं लहान, अंगानं दुप्पट, आणि बोलण्याचं म्हणाल तर आमच्या दोघांच्या वाटचं मीच बोलतो.

आमच्या कामाची एक पद्धत आहे ती आधी सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यामुळे झाला. शाफ्टमध्ये आम्ही दोघं असतो. एक वर, लिफ्टच्या टपावर. एक खाली, खड्ड्यात. एकमेकांना आम्ही दिसत नाही, मध्ये नुसता अंधार आणि तेलकट दोर. म्हणून सगळं काम हाकेवर चालतं. एकानं विचारायचं, "येऊ का?" दुसऱ्यानं म्हणायचं, "ये." उत्तर आलं नाही, तर दोघांनीही जिथे आहोत तिथे गप्प उभं राहायचं. मग कितीही वेळ जावो, बाहेर मॅनेजर कितीही बोंबलो, कुणी हलायचं नाही. आमच्या उस्तादांनी हे आमच्या डोक्यात असं काही ठोकून बसवलंय, की घरी स्वयंपाकघरात पाऊल टाकतानाही माझ्या तोंडून "येऊ का?" निघतं, आणि बायको मुद्दाम उत्तर देत नाही.

तर साडूचं वेड. आमच्या शहराच्या उत्तरेला डोंगरांची भिंत आहे. तिला बारा शिखरं आहेत. उन्हाळ्यातल्या लांब दिवसात, सूर्य उगवताना एका टोकाच्या गावातून निघायचं, बाराची बारा शिखरं क्रमानं चढायची, उतरायची, आणि सूर्य मावळायच्या आत पलीकडच्या टोकाला ओढ्यावरच्या पुलाशी पोचायचं. एकही शिखर वळसा घालून चुकवायचं नाही. प्रत्येकाच्या माथ्यावर लोखंडी खांब आहे, त्याला हात लावायचा. याला म्हणतात माळ ओवणं. जोडीनं निघायचं, कारण एकटा माणूस तिथे पाय मोडून पडला तर ते फक्त कावळ्यांना कळेल. आणि एवढं सगळं करून मिळतं काय? तर पुलावरच्या टपरीच्या भिंतीवर तुमच्या हक्काचा एक खिळा, आणि त्या खिळ्यावर तुमचा कप. पुढे कधी तिकडे गेलात तर त्या कपातून चहा, आणि तोही विकतच.

या खिळ्यासाठी साडू तीनदा गेला होता. पहिल्यांदा बरोबर व्यायामशाळेचे मास्तर होते. मास्तरांच्या दंडाचा घेर एवढा, पण अकराव्या शिखरावर दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले आणि साडूनं त्यांना पाठीवर घेऊन खाली आणलं. दुसऱ्यांदा आमच्याच ऑफिसातले हिशेबनीस. ते शेवटच्या चढाखाली बसले, त्यांना एकाएकी आईची आठवण आली आणि काही केल्या ते उठेनात. तिसऱ्यांदा औषधांच्या दुकानातला कंपाउंडर, त्याचा घोटा मुरगळला. तिन्ही वेळा अकरा झाली आणि बारावं राहिलं. तेव्हापासून साडूला सगळे पावणेबारा म्हणतात. इमारतींचे वॉचमनसुद्धा फाटकातून ओरडतात, "पावणेबारा आले रे, मशिनरूमची किल्ली काढा." साडू हसतो. पण त्याच्या कानांच्या पाळ्या लाल होतात, आणि ते दिसतं मला एकट्याला, कारण त्या वेळी अवजारांची पेटी धरून मी त्याच्या मागेच असतो.

या वर्षी हाडांच्या डॉक्टरांनी त्याच्या गुडघ्यांचे फोटो उजेडासमोर धरले. मग म्हणाले, उन्हाळा संपला की ऑपरेशन. त्यानंतर सपाट रस्त्यानं हवं तेवढं फिरा, पण डोंगर विसरा. साडूनं विचारलं, "आणि त्याच्या आधी?" डॉक्टर म्हणाले, "आधी काय करायचं ते मला सांगू नका." साडूनं याचा अर्थ परवानगी असा घेतला. म्हणजे माळ ओवायची तर याच उन्हाळ्यात, नाहीतर उरलेला जन्म पावणेबारा.

कंपाउंडर पुन्हा यायला तयार झाला होता. आदल्या आठवड्यात त्याला गालगुंड झालं. औषधाच्या दुकानात बसणाऱ्या माणसानं एवढं तरी सांभाळायला हवं होतं, पण बोलून काय उपयोग.

त्या रविवारी दोन्ही बहिणी आमच्याकडे बसून काहीतरी कुजबुजत होत्या. मी वर्तमानपत्र वाचत होतो. दोघी बहिणी कुजबुजायला लागल्या की घरातल्या पुरुषानं चपला घालून बाहेर पडावं, हे मला कळायला हवं होतं.

"अहो," बायको म्हणाली, "तुम्ही जा ना भावाबरोबर."

"कुठला भाऊ?"

"साडू म्हणजे भावासारखाच की."

"मी? डोंगरावर?" मी पेपर खाली ठेवला. "मला दुसऱ्या मजल्यावर जायचं तर मी लिफ्टची वाट बघतो."

"भावोजी, दुसरं कोण आहे हो?" मेहुणी म्हणाली. "ते काही बोलत नाहीत. पण काल तेल लावताना आपल्या गुडघ्यांशी बोलत होते. मी दाराआडून ऐकलं."

"काय म्हणत होते?"

"म्हणत होते, एवढं एकदा जाऊ द्या, मग तुम्ही म्हणाल तसं."

मी पेपर उचलला, पण अक्षरं काही लागेनात. संध्याकाळी साडू आला तेव्हा मी त्याला म्हटलं, "मी येतो. पण एक सांगतो, मला हे पटलेलं नाही." साडूनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं, आणि म्हणाला, "बूट नवे घेऊ नकोस. चावतील." एवढंच. आभार नाहीत, काही नाही.

मग माझी तालीम सुरू झाली. डोंगर लांब, म्हणून साडूनं जिने काढले. शहरातल्या सगळ्यात उंच इमारतीत आमचं काम चालू होतं, तिथे रोज दुपारी मला जिन्यानं वर न्यायचा आणि जिन्यानं खाली आणायचा. याचा परिणाम असा झाला, की तिथल्या लोकांचा लिफ्टवरचा विश्वास उडाला. लिफ्ट दुरुस्त करणारेच घामानं निथळत जिन्यानं येताहेत म्हटल्यावर कोण आत पाऊल टाकेल? चौथ्या मजल्यावरच्या आजी मला थांबवून हळूच म्हणाल्या, "खरं सांगा, किती धोका आहे?" मी म्हटलं, "आजी, लिफ्टला काही धोका नाही, धोका मला आहे." ऑफिसात तक्रार गेली. मॅनेजरनं बोलावून घेतलं, आणि मी सगळा प्रकार सांगितल्यावर तो खुर्चीत मागे रेलून इतका हसला, की तक्रार तिथेच मिटली.

ठरलेल्या दिवशी बहिणींनी आम्हाला गाडीनं गावात सोडलं. आकाश उजळत होतं. मेहुणीनं नवऱ्याच्या गुडघ्यांना पट्ट्या बांधल्या. बायकोनं माझ्या पिशवीत उकडलेली अंडी, केळी, पाव, मिठातले बटाटे आणि तीन जोड मोजे भरले. म्हणाली, "पाय ओले ठेवू नका. आणि त्यांना बोलून बोलून बेजार करू नका." डोंगरावर श्वास घ्यायची मारामार असते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मधल्या दोन खिंडींपर्यंत कच्चा रस्ता येतो, तिथे या दोघी थर्मास घेऊन थांबणार होत्या, आणि शेवटी पुलावर.

पहिल्या शिखरावर मी वाटेत चारदा मेलो. दुसऱ्यावर तेवढंच, पण सवयीनं. तिसऱ्याला आम्ही टकल्या नाव ठेवलं, कारण त्याच्यावर गवताची काडी नव्हती आणि ऊन तिथून थेट तोंडावर यायचं. साडूची चाल एकसारखी. कधी घाई नाही, कधी थांबणं नाही. मी मागून त्याच्या टाचा बघत चालायचो. उतारावर मात्र तो तिरका व्हायचा आणि त्याचा डावा हात आपोआप गुडघ्यावर जायचा. मी मनात म्हणत होतो, आता हा म्हणेल, बस झालं, चल खाली. खरं सांगतो, मी त्याची वाट बघत होतो. पहिल्या खिंडीत बहिणी दिसल्या, तेव्हा मी बायकोकडे इतक्या करुण चेहऱ्यानं पाहिलं की दगडाला पाझर फुटावा. तिनं माझ्या हातात चहा दिला, मोजे बदलायला लावले, आणि वर बोट दाखवलं.

सहाव्या शिखरानंतर माझ्या डोक्यात काय झालं कोण जाणे. पाय दुखायचे थांबले नाहीत, पण ते दुसऱ्या कुणाचे तरी आहेत असं वाटायला लागलं. सातवं शिखर चढतच जायचं, माथा आला म्हणावं तर पुढे आणखी एक माथा, त्याला मी सासरेबुवा म्हणालो आणि साडू मोठ्यानं हसला. आमचा सासरा एकच असल्यामुळे तपशील सांगावे लागले नाहीत. आठव्यावर ऊन उतरलं. नवव्यावर साडूचा डावा गुडघा बटाट्यानं भरलेल्या पिशवीसारखा दिसायला लागला. दुसऱ्या खिंडीत मेहुणीनं पट्टी सोडून पुन्हा बांधली. ओठ आवळून, घट्ट. साडू तिच्या डोक्यावरून पुढच्या शिखराकडे बघत होता.

"जमेल ना?" मी विचारलं.

"जमेल. तुझं काय?"

"माझं मघाशीच संपलंय. आता नुसता चालतोय."

"मग ठीक आहे," साडू म्हणाला.

दहावं झालं. अकरावं झालं. अकराव्याच्या खांबाला हात लावताना साडू थोडा थांबला, कारण याच्या पुढचा खांब त्यानं आजवर पाहिला नव्हता. मी म्हटलं, "बघ, मला गोळे नाहीत, मला आईची आठवण येत नाही, आणि घोटे जागेवर आहेत." साडूनं माझ्या पाठीवर थाप मारली. हातात वेळ होता. सूर्य अजून हातभर वर होता. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आता मी त्यानं परत फिरण्याची वाट बघत नव्हतो. मला तो खिळा हवा होता. त्याच्यासाठी हवा होता, आणि इतका हवा होता की मला माझीच लाज वाटली.

बाराव्याच्या पायथ्याशी धुकं आलं. खालून, दरीतून, गुपचूप वर चढलं आणि पाच मिनिटांत सगळं पांढरं. वारा सुटला. त्या जागी वाटेला दोन फाटे फुटतात, एक माथ्यावर जातो आणि दुसरा सरळ कड्यावर संपतो. फाट्यावर दगडांची रास रचलेली आहे. साडूनं क्षणभर विचार केला.

"तू इथे राशीपाशी थांब," तो म्हणाला. "मी वाट बघून येतो. बरोबर असली की वरून हाक मारतो. मग ये."

यात मला काहीही वावगं वाटलं नाही. एक वर, एक खाली. जन्मभर आम्ही हेच करत आलो आहोत. तो धुक्यात शिरला, त्याच्या काठीचा आवाज थोडा वेळ येत राहिला, मग तोही गेला.

मी उभा राहिलो. हाक आली नाही. मी ओरडलो, "येऊ का?" वाऱ्यानं माझ्या तोंडातले शब्द तोंडातच कोंबले. उत्तर नाही. उत्तर नाही म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको होतं. मी जागचा हललो नाही.

मी पुन्हा ओरडलो. पुन्हा काही नाही. मी राशीतला एक दगड सरळ केला. एक केळं खाल्लं. साडू पडला असेल का, हा विचार आला, आणि मी तो झटकला, कारण साडू पडत नाही. वाट शोधत असेल. सापडली की हाक मारेल. हाक आली की मी जाईन. सगळं रीतसर चाललं होतं. धुक्याचा पांढरा रंग हळूहळू करडा होत होता आणि मी तिथे दोन्ही हात शरीराला चिकटवून, पाठ ताठ करून उभा होतो. खड्ड्यात असंच उभं राहायचं असतं, म्हणजे लिफ्ट खाली आली तरी माणूस भिंतीला लागून वाचतो.

लिफ्ट खाली आली तरी. हे वाक्य माझ्या मनात आलं आणि मी मान वर करून पाहिलं. वर धुकं होतं. लिफ्ट नव्हती. इथून शहरापर्यंत कुठेही एकही लिफ्ट नव्हती. एवढ्या मोठ्या उघड्या डोंगरावर मी एका लोखंडी डब्याला घाबरून अंग चोरून उभा होतो. मी स्वतःला अशी एक शिवी दिली, जी मी इथे लिहिणार नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा हाक नसताना हललो.

वाट उजवीकडची होती, साडूच्या काठीची टोकं मातीत उमटलेली दिसत होती. मी अक्षरशः हातापायांवर चढलो. चढ लांब नव्हता. माथ्यावर धुक्यात आधी खांब दिसला आणि मग खांबाशेजारी दुसरा खांब. तो साडू होता. एक हात लोखंडाला लावून, पाठ ताठ, खाली माझ्या दिशेला तोंड करून उभा. गरगर फिरणारा वारा त्याला चारही बाजूंनी झोडपत होता. ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता.

मला पाहिल्यावर त्याचा चेहरा उजळला आणि लगेच रागानं काळा झाला.

"तुला ये कुणी म्हटलं?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही."

"मग आलास कसा?"

"पायांनी," मी म्हटलं. "तू इथे काय करतोयस?"

"तुझं उत्तर येत नव्हतं."

"तुझी हाक येत नव्हती."

"म्हणून काय झालं? उत्तर नसताना हलायचं? उद्या शाफ्टमध्ये असाच आलास तर?"

म्हणजे बघा. हे दोन शहाणे एका चढाच्या दोन टोकांना उभे, ओरडलं तर ऐकू यायला हरकत नाही एवढ्या अंतरावर, आणि प्रत्येक जण दुसऱ्याचा जीव वाचवतोय. कशापासून, तर नसलेल्या लिफ्टपासून. जगात हजारो माणसं डोंगर चढतात, पण हा मूर्खपणा करायला दोन लिफ्टवालेच लागतात. मला हसू यायला लागलं. साडूला आलं नाही. तो घड्याळ बघत होता.

मी खांबाला हात लावला आणि आम्ही निघालो. मला बारावं शिखर कसं आहे ते विचारू नका, मी फक्त खांब पाहिला. उतारावर साडूचा गुडघा वाकेना. तो उलटा वळून, शिडीवरून उतरावं तसा उतरायला लागला. मी त्याच्या खाली राहून प्रत्येक पावलाला त्याची टाच धरून दगडावर ठेवत होतो आणि सारखा म्हणत होतो, "चल, चल, अजून वेळ आहे." वेळ नव्हता. धुक्यातून आम्ही खाली निघालो तेव्हा दरीत निळसर उजेड होता आणि समोरच्या डोंगरावरचं ऊन केव्हाच गेलं होतं. शेवटचा गवताचा उतार आम्ही बसून घसरत पार केला. दोन प्रतिष्ठित गृहस्थ, मागून चिखलानं माखलेले, एकमेकांच्या बाह्या धरून.

पुलावर टपरीवाल्या मावशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. मावशी म्हणजे निवृत्त शाळामास्तरीण, माळेचा सगळा न्यायनिवाडा त्यांच्याकडे. शेजारी भिंतीवरचं घड्याळ काढून स्टुलावर ठेवलेलं. दोन्ही बहिणी ब्लँकेटं घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यांवरून मला कळलं.

"सूर्य मावळून वीस मिनिटं झाली हो," मावशी म्हणाल्या. "वाईट वाटतं मला."

साडूनं मान हलवली आणि पुलाच्या कठड्यावर बसला. गुडघा दोन्ही हातांत धरला. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, आणि ते बघवत नव्हतं. मेहुणीनं त्याच्या खांद्यावर ब्लँकेट टाकलं आणि तशीच त्याला धरून उभी राहिली.

माझा मात्र पारा चढला. मी मावशींशी भांडायला उभा राहिलो. म्हटलं, "वीस मिनिटांचं काय घेऊन बसलात? हा माणूस केव्हाच माथ्यावर पोचला होता. माझ्यामुळे तिथे ताटकळत उभा राहिला. चूक माझी आहे, शिक्षा त्याला का? याचे गुडघे जाताहेत, पुढच्या वर्षी याला येता येणार नाही. मला नको तो खिळा. त्याला द्या."

मावशींनी मला बोलू दिलं. शाळेत पोरांना दम लागेपर्यंत बोलू देतात तसं. मग म्हणाल्या, "तुम्ही फाट्यावरच्या राशीपाशी होतात ना? सुखरूप?"

"हो. केळं खात होतो."

"मग यांनी पुढे यायचं. निघायचं जोडीनं, पण जोडीदाराला ठरलेल्या जागी सुखरूप बसवला असेल, तर दुसऱ्यानं एकट्यानं पोचलेलं चालतं. पहिल्यापासून चालतं. आम्ही लगेच वर माणसं पाठवतो जोडीदाराला आणायला. हे तर यांना मी दर वेळी सांगत आलेय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी साडूकडे वळलो. "हे खरं आहे?"

"हो."

"म्हणजे मास्तरांच्या वेळी? हिशेबनीसांच्या वेळी?"

"हो."

"आज तू खांबाला हात लावलास तेव्हा वेळ होता?"

"होता की. चांगला होता." त्यानं अंदाज घेत दरीकडे पाहिलं. "रमतगमत पोचलो असतो."

"आणि मी खाली सुखरूप आहे हे तुला माहीत होतं."

"सुखरूपच असणार. मीच उभं केलं होतं ना."

"मग गाढवा," मी म्हटलं, माझ्याहून मोठ्या माणसाला, त्याच्या बायकोसमोर, "गेला का नाहीस?"

साडूनं माझ्याकडे असं पाहिलं, की एवढी वर्षं बरोबर काम करून याला इतकं साधं कळत नाही म्हणजे काय.

"तू खाली होतास ना," तो म्हणाला. "खाली माणूस असताना वरच्यानं निघून जायचं कसं?"

लग्नाच्या आधीपासून मी या माणसाखाली खड्ड्यात उतरतोय. डोक्यावर टनाचं वजन लोंबकळत असताना मी खाली निवांत ग्रीस लावतो, बायकोच्या तक्रारी सांगतो, शीळ घालतो. कधी एकदा मान वर करून पाहिलं नाही. मला आजवर वाटायचं, दोर चांगले आहेत म्हणून.

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. बायको धावत आली. "अहो, काय झालं? कुठे दुखतंय?"

"काही नाही," मी म्हटलं, "उंचीचा त्रास होतोय."

पूल ओढ्यापासून जेमतेम दोन हात उंच होता. बायकोनं खाली पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मला साडूच्या शेजारी नेऊन बसवलं.